नव्या नळीतल्या रेघा

प्रश्न : मुलीसाठी १० मीटर नेमबाजीची नवी एअर रायफल घेतली. नळीत बारीक आडव्या रेघा दिसतात. सदोष माल आला का?
– एक पालक, उधना, सुरत

उत्तर : ताई, घाबरू नका. नळीतला पीळ, म्हणजे लांबीच्या दिशेने वळत जाणाऱ्या खाचा, मुद्दाम कोरलेला असतो. तुम्हाला दिसलेल्या आडव्या रेघा मात्र बहुधा भोक पाडणाऱ्या हत्याराच्या खुणा आहेत. छऱ्याचं शिसं मऊ आणि हवेचा दाब काडतुसापेक्षा फार कमी, म्हणून धोका नाही. खरी परीक्षा लक्ष्यावर. प्रशिक्षकांसमोर रायफल टेकवून दोन-तीन प्रकारचे छर्रे पाच-पाच वेळा झाडून पाहा. ते एकत्र पडले, तर रेघा विसरा. पॉलिश पेपर आत मुळीच घालू नका, पीळ झिजेल. तोंडाशी टवका असेल किंवा छर्रा अडकत असेल, तर बिलासह विक्रेत्याकडे जा. डोकावण्याआधी रायफल रिकामी असल्याची खात्री प्रत्येक वेळी करा.