काचेपलीकडचा माणूस

अगं, परवा तुझी कसरत बघितली. लॅपटॉपवर रेकॉर्डचं बटण दाबायचं, तीन ढांगांत कपाटाजवळच्या माइकसमोर पोचायचं आणि धापा टाकत षड्ज लावायचा. आमच्या वेळी बटणं दाबायला काचेपलीकडे मी असायचो. गाणारीने फक्त गायचं. तुझ्याकडे काच नाही, मी नाही, पण टॅब्लेट धूळ खात पडलाय. त्याला बसव माझ्या खुर्चीत.

तू रेकॉर्डिंगला रीपर वापरतेस, म्हणजे वेगळं ॲपसुद्धा नको. प्रेफरन्सेसमध्ये 'कंट्रोल/ओएससी/वेब' असं पान आहे, तिथे वेब ब्राउझर इंटरफेस जोड. तिथला पत्ता टॅब्लेटच्या ब्राउझरमध्ये टाकलास की प्ले, रेकॉर्ड, फेडर सगळं हाताशी. लॉजिकवाल्यांना ॲपलचं लॉजिक रिमोट २०१३ पासून फुकट मिळतं. यात आवाज हवेतून जात नाही, जातात ते फक्त हुकूम. त्यामुळे टॅब्लेटची काच टिचलेली असली तरी तुझ्या गाण्याचं काही बिघडत नाही.

खरी भानगड वायफायची. लॅपटॉप राउटरला केबलने जोड, बिनतारी राहू दे एकटा टॅब्लेट. इंटरनेट गेलेलं असलं तरी चालतं, राउटर चालू हवा. पाहुण्यांसाठी काढलेल्या नेटवर्कवर मात्र जाऊ नकोस. तिथे यंत्रांना बहुधा एकमेकांशी बोलू देत नाहीत. सगळं जोडूनही टॅब्लेट ढिम्म बसला तर लॅपटॉपची फायरवॉल बघ. आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेव, नाहीतर आज लागलेला पत्ता उद्या लागायचा नाही.

पुढे कधी टचओएससीसारखं ॲप घेतलंस तर एक खोड माहीत असू दे. त्याचे निरोप बहुतेक वेळा पोचपावतीशिवाय जातात. फेडर सरकवताना एखादा हरवला तर लगेच मागून दुसरा येतो, कळतही नाही. पण रेकॉर्डचा निरोप एकच असतो. माझा असाच एक टेक गेला. बोट लावलं, बटण दाबल्यासारखं दिसलं, गायकाने जीव ओतला आणि लॅपटॉपवर बघतो तर रिकामी पट्टी. त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. तेव्हापासून माझा नेम: बटणाच्या रंगावर विश्वास नाही, वेळेचे आकडे पळताना दिसले की मगच तोंड उघडायचं.

चुकलेली ओळ दुरुस्त करायची असेल तर हवेतून नेमक्या मात्रेवर बटण दाबण्याचा हट्ट नको. तेवढा तुकडा आधी निवडून ठेव, रीपरला ऑटो पंचवर टाक आणि दोन ओळी आधीपासून गात ये. मग वायफाय जरा रेंगाळलं तरी टेक जागेवरच बसतो. टॅब्लेटच्या पडद्यावर तबल्याचे पॅड वाजवायचे असतील तर गोष्ट वेगळी, तिथे केबलच.

टॅब्लेट लाकडी टेबलावर नको, माइक बोटाची टकटक टिपतो. घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेव. आपोआप झोपण्याचं सेटिंग बंद कर, नोटिफिकेशन बंद कर, आवाज शून्यावर. हेडफोनमध्ये तानपुरा कमी वाटला तर बसल्या जागी फेडर वर घे. पण आकडे पळायला लागले की टॅब्लेट पालथा घाल. आपल्याच आवाजाची नक्षी बघत गाणारे मी पुष्कळ पाहिलेत. समेवर येताना डोळे पडद्यावर आणि सम भलतीकडेच.

आणि हो, मध्येच वीज गेली तर राउटर बंद पडेल, टॅब्लेट मुका होईल. पण लॅपटॉप बॅटरीवर रेकॉर्ड करतच असतो, यूएसबीवर चालणारा तुझा ऑडिओ इंटरफेसही. पंखा तर तू आधीच बंद केलेला असतोस. अंधारात अंतरा पुरा कर, मग ऊठ आणि स्पेसबार दाब.