तोंडी काम घेऊ नका

शटडाऊनमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. पायपिंगची हायड्रोटेस्ट लांबली, केबल ट्रे उशिरा लागल्या, तरी स्टार्ट-अपची तारीख काही हलत नाही. वाया गेलेले सगळे दिवस लूप चेकिंगमधून कापले जातात आणि कंत्राटावर आलेला इंजिनिअर ते रात्री जागून भरून काढतो.

रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात माझ्याबाबतीत हेच झालं. वर्क ऑर्डर एकरकमी. सुरुवातीला ट्रान्समीटरना इम्पल्स लाइनच जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे आम्ही नुसते बसून. नंतर यादीत नसलेले कंट्रोल व्हॉल्व्ह स्ट्रोक करायला लावले. ‘तुम्ही करा हो, बिलात ॲडजस्ट करू,’ म्हणणारे साहेब प्लान्ट सुरू होताच दुसऱ्या युनिटला बदलून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी कागद मागितला. जादा कामाचे पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

म्हणून कंत्राटावर जाणाऱ्या मुलांना सांगतो, लूपची यादी वर्क ऑर्डरला जोडून घ्या. बसून राहावं लागलं तर त्या दिवसाचा दर आधीच ठरवा. टाइमशीटवर रोजच्या रोज सही घ्या. स्वतःच्या नावाने बिल करत असाल, तर काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी करा. 2006च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

पैसे बुडाले तर पुन्हा कमावता येतात. इंटरलॉकचं तसं नाही. पहाटे कंट्रोल रूममधून कुणीतरी म्हणतं, ‘हाय लेव्हल ट्रिप जरा फोर्स करा, नंतर काढू.’ टॅग नंबर, कारण, काढायची वेळ आणि अधिकृत माणसाची सही बायपास रजिस्टरमध्ये आल्याशिवाय हात लावू नका. इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या इंधन डेपोत 11 डिसेंबर 2005 रोजी पेट्रोलची टाकी ओसंडली आणि प्रचंड स्फोट झाला. लेव्हल गेज अडकलं होतं, आणि शेवटचा आधार असलेला स्विचही चालला नाही, कारण त्याची तपासणीची दांडी जागेवर धरून ठेवणारं कुलूप लावलेलंच नव्हतं. ते कशासाठी असतं हे काम करणाऱ्यांना कळलं नव्हतं. 2010मध्ये स्विच पुरवणारी आणि बसवणारी, दोन्ही कंपन्या कोर्टात दोषी ठरल्या.

कंत्राट संपलं की तुम्ही घरी जाता, तुम्ही लावलेला फोर्स मात्र लॉजिकमध्ये राहतो. निघण्याआधी फोर्सची यादी काढा, शिफ्ट इन्चार्जसमोर एकेक ओळ तपासा आणि त्यांच्या सहीची प्रत स्वतःजवळ ठेवा.