आधी माप, मग सोफा

मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या अलीकडे मीरा-भाईंदर हे शहर आहे. पूर्वी येथे शेती, मासेमारी आणि मिठागरे हेच मुख्य व्यवसाय होते. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली.

इतकी माणसे राहायची, तर इमारती उंच होतात आणि घरे लहान होतात. लहान घरातील पुढच्या खोलीला अनेक कामे करावी लागतात. सकाळी तेथे शाळेची तयारी होते. दुपारी मुले तेथेच अभ्यास करतात. संध्याकाळी पाहुणे बसतात आणि रात्री अंथरुणे पडतात. अशा खोलीसाठी सोफा घ्यायचा असेल, तर तो कसा निवडावा? या पाठात आपण त्याचा विचार करू या.

ओळखीचे शब्द

मुलांनो, ‘सोफा’ हा शब्द तुम्हांला इंग्रजी वाटेल. इंग्रजीतून तो मराठीत आला हे खरे. पण त्याचे मूळ अरबी आहे. अरबीत ‘सुफ्फा’ म्हणजे ओटा किंवा चौथरा. हा शब्द फिरत फिरत युरोपात गेला आणि गादी घातलेल्या आसनाला सोफा म्हणू लागले. पाठ नसलेल्या बुटक्या आसनाला ‘ऑटोमन’ म्हणतात. हे नाव तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्यावरून पडले. उर्दूतील ‘कुर्सी’ मराठीत ‘खुर्ची’ झाली. पाहुण्यांना बसवण्याच्या खोलीला मराठीत ‘दिवाणखाना’ म्हणतात, हे तर तुम्हांला सांगायलाच नको.

काही शब्दांचा अर्थ मात्र थोडा बदलला आहे. उर्दूत डोक्याखालच्या उशीला ‘तकिया’ म्हणतात. मराठीत ‘तक्क्या’ म्हणजे बैठकीवर पाठीमागे ठेवायची मोठी उशी. लोड, तक्के, सतरंजी आणि जाजम ही आपल्याकडची जुनी बैठक. तिचा एक मोठा गुण होता. काम झाले, की ती गुंडाळून ठेवता येत असे. सोफा गुंडाळता येत नाही. एकदा आला, की तो जागा धरून बसतो. म्हणूनच तो विचारपूर्वक घ्यावा लागतो.

एका घरातील चर्चा

समजा, मीरा रोडच्या नयानगरमध्ये एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहते. इमारतीला लिफ्ट नाही. घरात अब्बा, अम्मी, दादी, आपा आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे आहेत. पुढची खोली १४ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. रात्री दोन्ही मुले तेथेच झोपतात. सोफ्यासाठी अब्बांनी वर्षभर पैसे साठवले आहेत.

अब्बा म्हणाले, “दुकानात एल आकाराचा लाउंज सोफा पाहिला. पाय पसरून बसता येते. आपल्या खोलीत तो शोभून दिसेल.”

“अब्बा, आधी माप घेऊन पाहू या का?” आपाने विचारले. तिने मोजपट्टी आणली. जुनी वर्तमानपत्रे जोडून तिने सोफ्याच्या आकाराचा कागद जमिनीवर पसरला. सोफ्याची लांब बाजू ८ फूट आणि खोली ३ फूट होती. म्हणजे २४ चौरस फूट. पाय पसरण्याचा भाग आणखी अडीच फूट पुढे येत होता. त्याची रुंदी ३ फूट. म्हणजे आणखी साडेसात चौरस फूट. एकूण साडेएकतीस चौरस फूट.

मग तिने तीन माणसांच्या सरळ सोफ्याचा कागद पसरला. तो साडेसहा फूट लांब आणि अडीच फूट खोल होता. त्याला सव्वासोळा चौरस फूट जागा लागली.

“दोन्हींत सव्वापंधरा चौरस फुटांचा फरक आहे,” आपा म्हणाली. “माझे अंथरूण ६ फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. म्हणजे बरोबर १५ चौरस फूट.”

अब्बा कागदाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तो सोफा आला, तर तुम्हां दोघांपैकी एकाने झोपायचे कुठे?”

दादी हसून म्हणाल्या, “आणि बेटा, तुझ्या त्या खोल सोफ्यात मी बसले, तर मला उठवायला दोन माणसे लागतील.”

“पण ईदला एकदम दहा पाहुणे येतात. त्यांना बसवायचे कुठे?” अम्मींनी विचारले.

प्रश्न सगळ्यांचेच खरे होते. म्हणून त्यांनी तयार सोफा न घेता मापाप्रमाणे बनवून घ्यायचे ठरवले. साडेसहा फुटांचा सरळ सोफा, त्याच्या बैठकीखाली अंथरुणे ठेवण्यासाठी पेटी आणि जोडीला दोन छोटे ऑटोमन. पाहुणे आले, की ऑटोमन पुढे घ्यायचे. रात्री ते दुसरीकडे सरकवायचे. ईदच्या दिवशी सतरंजी आहेच!

“दुकानातल्यासारखा नाही दिसणार,” अब्बा म्हणाले. मग त्यांनी एल आकाराचा कागद स्वतःच उचलला आणि घडी करून ठेवला.

माणसांचे माप

खोलीचे माप घेतले, की काम अर्धे होते. त्यानंतर बसणाऱ्यांचे माप घ्यावे. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढी बैठकीची उंची असावी. बहुतेक घरांत १६ ते १८ इंच उंची सोयीची ठरते. बैठक गुडघ्यापेक्षा बरीच खाली असेल, तर वृद्ध माणसांना उठताना त्रास होतो. फोम थोडा दबतो, हेही लक्षात घ्यावे. उठताना आधार मिळावा म्हणून सोफ्याचे हात मजबूत असावेत.

बैठकीची खोलीही पाहावी. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्याची घडी आणि बैठकीची कड यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. लाउंज सोफ्याची बैठक खोल आणि बुटकी असते. ती आडवे पडून आराम करण्यासाठी चांगली. पण कमी उंचीच्या माणसाने पाठ टेकवली, तर त्याचे पाय अधांतरी राहतात.

आता दरवाजा आणि जिना मोजावा. चौकटीचे माप घेऊन भागत नाही. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती उरते, ते मोजावे. जिन्याच्या वळणावर लांब सोफा अडकतो. अशा वेळी सोफा दोन भागांत बनवून घरात आणल्यावर बोल्टने जोडावा, असे कारागिराला आधीच सांगावे.

सोफ्याच्या पोटात काय आहे?

सोफ्याचे कापड दिसते; सांगाडा दिसत नाही. पण सोफा किती वर्षे टिकेल, हे सांगाडा ठरवतो. सागवान टिकाऊ असते, पण महाग पडते. प्लायवूड वापरणार असतील, तर त्यावरील शिक्का पाहावा. साध्या वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे. मीरा-भाईंदरला समुद्र व खाडी जवळ आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. हलके प्लायवूड ओलीने फुगते आणि साधे खिळे गंजतात. म्हणून सोफ्याला चार-पाच इंचांचे पाय असावेत आणि तो भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा. त्यामुळे खाली हवा खेळते व केरही काढता येतो. पेटीचा सोफा असेल, तर पेटीला हवेसाठी भोके ठेवून घ्यावीत.

आता फोम. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन तयार करण्याची पद्धत शोधली. आज बहुतेक सोफ्यांत त्याचाच फोम असतो. दुकानदार ‘३२ घनता’, ‘४० घनता’ असे म्हणतात. याचा अर्थ, एक घनमीटर फोमचे वजन ३२ किंवा ४० किलोग्रॅम असते. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. समजा, एक गादी ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड आहे. तिचे घनफळ ०.०३६ घनमीटर होते. घनता ४० असेल, तर फोमचे वजन १ किलो ४४० ग्रॅम भरेल. तराजूवर ते ७२० ग्रॅमच भरले, तर घनता फक्त २० आहे! बसण्याच्या गादीत हलका फोम वापरला, तर ती लवकर दबते व तिला खड्डा पडतो.

कापडाचेही तसेच आहे. रेक्झिन ओल्या फडक्याने पुसता येते, पण उकाड्यात अंगाला चिकटते आणि काही वर्षांनी त्याला भेगा पडतात. सुती कापड आरामदायक असते, पण लवकर मळते. त्यासाठी चेनचे खोळ शिवून घ्यावेत, म्हणजे ते काढून धुता येतात.

कागदावर लिहून घ्या

मुंबईत ओशिवरा आणि ठाणे जिल्ह्यात उल्हासनगर येथे फर्निचरचे मोठे बाजार आहेत. मीरा रोड आणि भाईंदर येथेही सोफे बनवणारे कारागीर आहेत. सोफा कोठेही बनवून घ्या. पण विसार देण्याआधी सर्व गोष्टी कागदावर लिहून घ्या. लांबी, खोली, बैठकीची उंची, लाकडाचा प्रकार, फोमची घनता, कापडाचा नमुना, किंमत आणि सोफा देण्याची तारीख, या सर्वांची नोंद असावी. गादी शिवण्याआधी सांगाडा स्वतः जाऊन पाहावा. पैसे दिल्याची पावती जपून ठेवावी. तक्रार करण्याची वेळ आली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूला आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण पुरावा नसेल, तर कायद्याचा उपयोग करून घेणे कठीण जाते.

हा कागद ग्राहकाप्रमाणे कारागिराच्याही हिताचा असतो. “मी असे सांगितलेच नव्हते,” असे म्हणून त्याचे पैसे कोणी अडवू शकत नाही.

दुकानातील सोफा मोठ्या दालनात, भरपूर उजेडात ठेवलेला असतो. तेथे कोणाची दादी राहत नाही आणि कोणाचे अंथरूणही पडत नाही. आपल्या घरात दोन्ही असतात. म्हणून सोफा निवडताना मोजपट्टी दुकानात नेण्याआधी ती घरात फिरवावी.

शब्दार्थ

अंथरूण – बिस्तर
उशी – तकिया
ओल – नमी, सीलन
सांगाडा – ढांचा
खोळ – गिलाफ
विसार – बयाना
पावती – रसीद
कारागीर – कारीगर
अधांतरी – आधाराशिवाय, हवेत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘सुफ्फा’ या अरबी शब्दाचा अर्थ काय?
(आ) सोफा गुंडाळता येत नाही, याचा लहान घरावर काय परिणाम होतो?
(इ) सोफ्याला पाय का असावेत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी एल आकाराचा सोफा घेण्याचा विचार का सोडला?
(आ) लिहून घेतलेला कागद कारागिराच्या हिताचा कसा?

३. उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. पुढील शब्दांपूर्वी ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ लिहा.
सोफा, खुर्ची, अंथरूण, उशी, कापड, जिना

४. एका गादीचे घनफळ ०.०५ घनमीटर आहे. फोमची घनता ३२ आहे. फोमचे वजन किती?

५. उपक्रम : घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला कोणत्या आसनावरून सहज उठता येते, ते विचारा. त्या आसनाची उंची मोजा आणि पाच वाक्ये लिहा.