नव्या पोपटाचा विश्वास कसा संपादावा?

घरांत नवा पिंजरा आला कीं आंतल्या पक्ष्याला बोलका करण्याची आपणांस घाई होते. तो पक्षी मात्र त्या वेळीं भयानें अंग चोरून बसलेला असतो. यास्तव त्याला आपली भाषा शिकविण्यापूर्वीं त्याची भाषा आपण शिकणें अवश्य आहे.

प्रथम कोणता पोपट, हें सांगितलें पाहिजे. आमराईंत दिसणारा लाल चोंचीचा राघू पाळण्याची आज मोकळीक नाहीं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें देशी पोपट पकडणें, विकणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा अपराध आहे. म्हणून आम्ही येथें बजरीगर या चिमुकल्या परदेशी पोपटाचें उदाहरण घेतों. पुष्कळ लोक याला चुकीनें लव्हबर्ड म्हणतात. परंतु लव्हबर्ड हा आफ्रिकेंतील निराळा पोपट होय.

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांतील रहिवासी. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं तो जिवंत इंग्लंडांत नेला. रानांत तो थव्यानें राहतो, गवताचें बीं टिपतो व पाण्याच्या शोधांत दूरवर भटकतो. ससाण्याची झडप केव्हां पडेल याचा नेम नसल्यामुळें तो सदैव सावध असतो. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यांत वाढूनही त्याचा हा स्वभाव गेलेला नाहीं. म्हणूनच वरून येणारा हात त्याला झडपेसारखा भासतो, आणि एकटें राहणें हेंही त्याला संकट वाटतें.

त्याच्या मनाची स्थिति शरीरावर उमटते. पिसें अंगाशीं चिकटवून, मान ताणून तो ताठ उभा राहिला, तर तो भ्याला आहे. एका पायावर बसून, पिसें किंचित् फुलवून तो चोंच हळूहळू करकर घांसूं लागला, तर तो निश्चिंत आहे. मात्र दिवसभर पिसें फुगवून व खाणें टाकून बसला, तर पशुवैद्यास तत्काळ दाखवावें. असे पक्षी आजार लपवितात. तो बाहेर दिसतो तेव्हां बहुधा बळावलेला असतो.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. पिंजरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून ठेवावा. स्वयंपाकघरांत ठेवूं नये, कारण नॉनस्टिक भांडें फार तापल्यास त्याच्या वाफेनें पक्षी दगावतो. पहिले कांहीं दिवस जवळ बसून आपला पाठ शांत स्वरानें वाचावा, हात आंत घालूं नये. तो स्वस्थपणें खाऊं लागला म्हणजे राळ्याचें कणीस गजांतून पुढें करावें. पुढें तेंच कणीस दारांतून, हात स्थिर ठेवून द्यावें. शेवटीं बोट त्याच्या पायांच्या किंचित् वर, पोटाशीं अलगद टेकवावें. तो आपण होऊन चढेल. कोणत्याही पायरीवर तो मागें सरला, तर आपणही एक पायरी मागें यावें. चोंच मारली, तरी ओरडूं नये व हात झटकूं नये. आधींच्या खुणा आपण वाचल्या नाहींत, म्हणून त्याला चोंच वापरावी लागली.

ॲलेक्स नांवाचा आफ्रिकन करडा पोपट या संबंधांत स्मरणीय आहे. आयरीन पेपरबर्ग या विदुषीनें १९७७ पासून तो २००७ मध्यें मरेपर्यंत त्याला शिकविलें. तो वस्तूंचे रंग व आकार सांगे. आणि कंटाळला म्हणजे परत जाण्याची इच्छाही शब्दांनीं प्रकट करी.

आपल्या बजरीगराला कदाचित् एकही शब्द येणार नाहीं. परंतु मागें सरणें हें त्याचें 'नको' आहे, आणि तें ऐकलें जातें असा अनुभव त्याला रोज आला पाहिजे. कोणी आठवड्यांत बोटावर येतो, कोणाला महिने लागतात. बळानें एकदां मुठींत धरल्यास महिन्यांची कमाई क्षणांत जाते; धीर धरणाऱ्याच्या बोटावर मात्र तो स्वेच्छेनें येऊन बसतो.