पाण्याची वाट

पाऊस किती पडावा, हे कोणत्याही नगरपालिकेच्या हाती नसते. पडलेल्या पावसाचे पाणी कोठून जावे, कोठे थांबावे आणि किती वेळात ओसरावे, हे मात्र बऱ्याच अंशी तिच्या हाती असते. हा भेद एकदा ध्यानात आला, म्हणजे पुराला केवळ दैवाचा कोप म्हणून स्वस्थ बसता येत नाही. मुंबई शहराला तो फार मोठी किंमत देऊन कळला. म्हणून, मुलांनो, आज आपण मुंबईचेच उदाहरण घेऊ.

तो दिवस होता 26 जुलै 2005, मंगळवार. सकाळी पाऊस नेहमीसारखाच होता. माणसे कामावर गेली होती, मुले शाळेत गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास उपनगरांवर आभाळ जणू फाटले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वर्षभरात तेथे जेवढा पाऊस पडतो, त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक पाऊस एका दिवसात कोसळला होता. नवल असे, की त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, अवघा 73 मिलिमीटर पाऊस झाला.

944 मिलिमीटर म्हणजे किती? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी साचते. तुमच्या शाळेचे पटांगण एक हजार चौरस मीटरांचे असेल, तर त्या एका दिवसात त्यावर 9,44,000 लिटर पाणी पडले असते. पाण्याचा हिशेब विचारला, की मुले प्रथम आकाशाकडे पाहतात. त्यांनी जमिनीकडे पाहावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. रस्त्यांवर छातीइतके पाणी चढले. हजारो लोक रात्रभर पाण्यातून वाट काढीत चालत राहिले. कित्येक मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. त्या दिवसांत महाराष्ट्रात पूर आणि दरडी यांमुळे एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आता प्रश्न असा, की एवढे पाणी गेले का नाही? मुंबईत रस्त्यांखालून पर्जन्यजलवाहिन्या आहेत. त्या नाल्यांना मिळतात, आणि नाले खाडीला वा समुद्राला मिळतात. शहराच्या जुन्या भागातील वाहिन्या इंग्रजी अमदानीतील, शंभर वर्षांहूनही जुन्या आहेत. ही सर्व व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. शिवाय त्या हिशेबात दोन गोष्टी मानून चाललेल्या होत्या: पडलेल्या पाण्यापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल, ही एक; आणि पाऊस पडेल तेव्हा समुद्राला ओहोटी असेल, ही दुसरी. ज्या काळी मुंबईत वाड्या, मळे आणि मोकळी मैदाने होती, त्या काळी हा हिशेब चुकीचा नव्हता. पण पुढे मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, अंगणांत फरशी बसली, रस्ते सिमेंटचे झाले. पाणी मुरावे कोठे?

26 जुलैला दुपारी अडीच ते साडेतीन या एकाच तासात सुमारे 190 मिलिमीटर पाऊस झाला, आणि चारच्या सुमारास समुद्राला जवळजवळ साडेचार मीटरांची भरती आली. मुंबईतील पुष्कळ वाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मूळची सात बेटे भराव घालून जोडूनच हे शहर उभे राहिले असल्यामुळे त्यात सखल जागा जागोजाग आहेत. भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्राचेच पाणी वाहिनीत शिरू पाहते. वरून पाऊस आणि खालून समुद्र, अशा कात्रीत शहर सापडले.

एवढा पाऊस कोणत्याही वाहिन्यांना पेलला नसता, हे खरे. तरी पण शहराला आधी सूचना मिळालेली नव्हती, असे म्हणता येत नाही. पर्जन्यजल व्यवस्थेचा अभ्यास करून महानगरपालिकेसाठी एक मोठा अहवाल 1993 मध्येच तयार झाला होता. वाहिन्यांची क्षमता दुप्पट करावी, म्हणजे तासाला 50 मिलिमीटर पाऊस त्यांना वाहून नेता यावा, असे त्यात सांगितले होते. त्यातील बहुतेक कामे पुढील बारा वर्षे कागदावरच राहिली. पाऊस बेताचा पडतो तोवर गटारावर खर्च केलेला पैसा कोणाला दिसत नाही. उद्यानाचे उद्‌घाटन होते, पुलाचे होते. जमिनीखालच्या वाहिनीचे उद्‌घाटन कोण करणार?

आणि मग मिठी नदी. मुंबईत नदी आहे, हे त्या दिवसापर्यंत पुष्कळ मुंबईकरांच्या गावीही नव्हते! विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी निघते आणि कुर्ला, कालिना, धारावी या भागांतून सुमारे अठरा किलोमीटर वाहत जाऊन माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळाची धावपट्टी वाढविताना तिला काटकोनात वळविण्यात आले. काठांवर झोपड्या, भंगाराची गोदामे आणि कारखाने दाटीने उभे राहिले. मुखाजवळील दलदल आणि तिवरांची वने, जी भरतीचे आणि पुराचे पाणी आपल्या पोटात घेत, त्यांतील मोठा भाग भराव घालून बुजविण्यात आला आणि तेथे कचेऱ्यांच्या उंच इमारती आल्या. नदीला आपण नाला म्हणू लागलो, आणि नाल्यात जे टाकतात ते सारे तिच्यात टाकू लागलो. जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने 2006 मध्ये जो अहवाल दिला, त्यात या गोष्टींची तपशीलवार छाननी केलेली आहे.

येथे कोणी विचारील, की हे सारे नगरपालिकेनेच का पाहावे? राज्य शासन आहे, केंद्र शासन आहे. याचे उत्तर कायद्यात आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 मधील. नाल्या व गटारे बांधणे, ती सुस्थितीत राखणे आणि स्वच्छ करणे हे त्यात पालिकेचे आवश्यक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. इच्छा असल्यास करावे, असे ते काम नाही. पुढे 1992 मधील चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस बारावी अनुसूची जोडली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाचे अठरा विषय तीत आहेत. गंमत अशी, की त्या अठरांत 'पूर' हा शब्द कोठेच नाही. तथापि नगररचना, जमिनीचा वापर व इमारतींचे नियमन, रस्ते आणि पूल, सफाई व घनकचरा, झोपडपट्टीसुधारणा, उद्याने व मैदाने, पर्यावरणाचे संरक्षण हे विषय तीत आहेत. आणि पूर तयार होतो तो याच विषयांच्या हेळसांडीतून. ओढ्याच्या पात्रात घर बांधण्यास परवानगी देणारा कागद ज्या मेजावरून जातो, तेथेच पुढच्या पुराची पहिली ओळ लिहिली जाते.

म्हणून पूर टाळण्याचे काम पावसाळ्यात सुरू होत नाही. ते उन्हाळ्यात, आणि खरे तर त्याच्याही आधी सुरू होते. नाल्यांतील गाळ काढण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते, कंत्राटे द्यावी लागतात, आणि बहुतेक गाळ जून उजाडण्यापूर्वी निघावा लागतो. उरलेला पावसाळ्यात आणि नंतर काढतात. काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच ढीग करून ठेवला, तर पहिल्या सरीबरोबर तो होता तेथे परत जातो. गाळ किती काढला यापेक्षा तो कोठे नेऊन टाकला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. वजनकाट्याच्या पावत्या आणि छायाचित्रे तपासणारा अधिकारी या कामी फावडे चालविणाऱ्याइतकाच उपयोगी असतो. गाळाबरोबर निघतो तो प्लॅस्टिकचा कचरा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्याने 2018 मध्ये बंदी घातली. तरीही नाल्यांवरच्या जाळ्यांत त्या अडकलेल्या दिसतातच.

पाणी हद्द ओळखत नाही. कचेऱ्या मात्र ओळखतात. एकच नाला रस्त्याकाठी पालिकेचा असतो, रुळांखालून जाताना रेल्वेचा होतो. रुळांखालची मोरी तुंबलेली राहिली, तर अलीकडील भाग आरशासारखा स्वच्छ करूनही उपयोग नाही. मिठीचेही तसेच. तिचा वरचा, अधिक लांबीचा भाग महानगरपालिकेकडे आणि मुखाकडील भाग प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी कामाची वाटणी 2005 नंतर झाली. या सर्वांना पावसाळ्यापूर्वी एकत्र बसविणे, हेही पालिकेचेच काम होय, आणि माझ्या मते ते गाळ काढण्याहून कठीण आहे.

2005 नंतर मुंबईत काही कामे खरोखर झाली. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी अडविणारी दारे आणि आतील पाणी उपसून बाहेर टाकणारे प्रचंड पंप असलेली उदंचन केंद्रे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे उभी राहिली. तेथील एक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी उपसतो. एक हेक्टर जमिनीवर तासभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी होईल; तेवढे पाणी असा एक पंप दीड मिनिटाच्या आत बाहेर टाकील. मात्र पाणी पंपापर्यंत पोहोचले पाहिजे! वाटेत वाहिनी तुंबली असेल, तर पंप कोरडाच फिरणार. परळजवळचा हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. तेथे साचणारे पाणी साठविण्यासाठी जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. भरती उतरेपर्यंत पाणी तेथे थांबते आणि मग सोडले जाते.

छोट्या गोष्टींतही प्राण गुंतलेले असतात. 29 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. रस्त्यावरचे पाणी लवकर उतरावे म्हणून एका मॅनहोलचे झाकण उघडण्यात आले होते. गढूळ पाण्याखाली ते दिसले नाही, आणि त्यात पडून एका नागरिकाचा मृत्यू झाला. झाकण उघडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ते काम त्यांचे नव्हते. त्यानंतर पालिकेने मॅनहोलांच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसविण्यास आरंभ केला. पाणी तुंबले, तर 1916 या क्रमांकावर पालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षास कळविता येते.

नदीकाठच्या गावांची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबईत पाणी काही तासांत चढते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ते दिवसागणिक चढते आणि दिवसचे दिवस राहते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी 39 फुटांवर गेली, की इशारा देतात, आणि 43 फूट ही धोक्याची पातळी मानतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली होती. धरणातून किती पाणी सोडावे, हे गावच्या पंचायतीस ठरविता येत नाही. परंतु पात्राला लागून कोठवर घरे होऊ द्यावीत, याबाबत नियम आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, तेथे निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, तेथे लाल रेषा जलसंपदा विभाग आखून देतो. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये. निळ्या आणि लाल रेषांमध्ये ते बंधने पाळूनच व्हावे. रेषा नकाशावर असते. जमिनीवर ती राखणे हे नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम. जागेची किंमत वाढली, की ती रेषा पुसट होऊ लागते, असा अनुभव आहे.

त्याच 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली. नावेत तिच्या शक्तीबाहेर माणसे बसली होती. पाणी दारात आले असता कोणास मागे थांबा म्हणून सांगावे? नावा किती आहेत, त्या चालविणारे कोण, तरंगती जाकिटे किती, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना प्रथम कोणत्या घरांतून हलवावयाचे, याची यादी मे महिन्यातच तयार असेल, तर ही घाई पुष्कळ कमी होते. महाराष्ट्रात 1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. पावसाळा त्या वेळी महिन्याभरावर आलेला असतो, ओढे कोरडे असतात, आणि त्यांच्या पात्रात काय काय येऊन बसले आहे, ते कोणालाही चालत जाऊन पाहता येते.

स्वाध्याय

1. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल व्यवस्थेत कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या? 26 जुलै 2005 रोजी त्या खोट्या का ठरल्या?

2. 'पाणी हद्द ओळखत नाही. कचेऱ्या मात्र ओळखतात.' पाठातील उदाहरणे देऊन या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

3. तुमच्या शाळेच्या पटांगणाची लांबी-रुंदी मोजा. 50 मिलिमीटर पाऊस झाल्यास त्यावर किती लिटर पाणी पडेल, ते काढा; आणि ते पाणी कोणत्या वाटेने कोठे जाते, याचा साधा नकाशा तयार करा.