टोचनच्या गाडीला टायर घेताना : आधी वजन, मग नक्षी

आपल्यापैकी कित्येकांची रोजीरोटी रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीवर चालते. कोणाचे गॅरेज आहे, कोणाचे टायरचे दुकान आहे, तर कोणी जुना ट्रक घेऊन त्यावर क्रेन बसवली आहे. रात्री दोन वाजता फोन येतो की, घाटात टेम्पो अडकला आहे. पाऊस कोसळत असतो. आपण जातो, टेम्पोचे तोंड आकड्याला लावून उचलतो आणि घाट उतरू लागतो. आकड्याला लागलेल्या गाडीचे इंजिन बंद असते, तिचे ब्रेक कामाचे नसतात. अशा वेळी दोन्ही गाड्या थांबवायच्या, वळवायच्या आणि सुखरूप खाली आणायच्या त्या आपल्या सहा टायरच्या भरवशावर. लोकांचा माल, गाडी आणि ड्रायव्हर-क्लीनरचा जीव ही त्या घटकेला आपल्याकडे सोपवलेली अमानत असते.

असे असूनही टायर घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो तो, “चिखलात चालेल असा मोठ्या नक्षीचा टायर आहे का?” हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. टोचनच्या गाडीसाठी टायर निवडण्याचा क्रम असा असावा : प्रथम वजन, नंतर बांधणी, मग नक्षी, मग टायरचे वय आणि शेवटी किंमत. हा क्रम उलटा केला की पैसाही जातो आणि धोकाही वाढतो. आता एकेक मुद्दा सविस्तर पाहू.

१) आकड्यावरचे वजन मागच्या चाकांवर वाढून बसते

पहारीने दगड उचलताना आपण पहारीखाली टेकू ठेवतो. एक टोक दाबले की दुसरे वर जाते. क्रेनच्या ट्रकचेही तसेच आहे. मागची चाके म्हणजे टेकू. आकडा त्या टेकूच्या मागे असतो. आकड्यावर वजन आले की ट्रकचे तोंड हलके होते, आणि तोंडाचे जेवढे वजन कमी झाले तेवढेही मागच्याच चाकांवर येते.

उदाहरण घेऊ. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर ४.२ मीटर आहे. आकडा मागच्या चाकांच्या मध्यापासून २.१ मीटर मागे आहे, म्हणजे चाकांमधील अंतराच्या निम्मा. आकड्यावर ३,००० किलो उचलले. तर पुढच्या चाकांवरून ३,००० च्या निम्मे, म्हणजे १,५०० किलो कमी होतील आणि मागच्या चाकांवर ३,००० अधिक १,५००, असे ४,५०० किलो वाढतील.

समजा, क्रेनसह रिकाम्या ट्रकचे वजन पुढे ३,५०० व मागे ४,५०० किलो होते. आता ते पुढे २,००० आणि मागे ९,००० किलो झाले. म्हणजे उचलले तीन टन, पण मागच्या टायरवरचा भार दुप्पट झाला आणि स्टेअरिंगच्या चाकांवरचा भार निम्म्याजवळ आला. घाटात स्टेअरिंग हलके लागते ते याच कारणाने.

आपल्या ट्रकचा हा हिशोब प्रत्येकाने एकदा करावाच. वजनकाट्यावर रिकाम्या ट्रकची आधी पुढची आणि मग मागची चाके वेगळी तोलून घ्यावीत आणि टेपने दोन्ही अंतरे मोजावीत. अर्ध्या तासाचे काम आहे.

२) टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर मापाशेजारी १४६/१४३ के असा मजकूर असतो. यातील आकडे म्हणजे किलो नव्हेत, ते भाराचे क्रमांक आहेत. १४६ म्हणजे ३,००० किलो आणि १४३ म्हणजे २,७२५ किलो. पहिला क्रमांक एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. जोडीत एका टायरची क्षमता कमी धरतात, कारण दोन टायर भार कधीच अगदी सारखा वाटून घेत नाहीत. शेवटचे अक्षर वेगाचे आहे. के म्हणजे ताशी ११० किलोमीटर, जे म्हणजे १००, एल म्हणजे १२०.

वरच्या उदाहरणात मागे चार टायर आहेत. चार गुणिले २,७२५ म्हणजे १०,९०० किलो. भार ९,००० किलो. राखीव १,९०० किलो उरली. वळणावर ट्रक एका बाजूला कलतो, खड्ड्यात आपटतो, तेव्हा ही राखीव कामाला येते. पण जोडीतील एका टायरची हवा गेली तर दुसऱ्यावर ४,५०० किलो येतील. तो किती वेळ टिकेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

“सोळा प्लाय” हे शब्दही नीट समजून घ्यावेत. टायरमध्ये सोळा थर मोजून घातलेले असतात असा त्याचा अर्थ नाही, ती फक्त मजबुतीची श्रेणी आहे. म्हणून प्लायवर न थांबता भाराचा क्रमांक पाहावा. तसेच आयएसआयचे चिन्ह पाहावे. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे.

पिकअपने ट्रॉली ओढणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. २४५/७५ आर १६ या एकाच मापात मोटारीच्या वर्गातील टायर १०९ क्रमांकाचा, म्हणजे १,०३० किलोचा मिळतो; आणि हलक्या ट्रकच्या वर्गातील, मापाआधी एलटी लिहिलेला टायर १२० क्रमांकाचा, म्हणजे १,४०० किलोचा मिळतो. दोन्हींवर “ऑल टेरेन” लिहिलेले असू शकते. दिसायला सारखे, कामाला मात्र वेगळे. एलटी टायरला तेवढ्याच भारासाठी हवाही जास्त लागते, हे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक इशारा. टायर जास्त क्षमतेचा बसवला म्हणून ट्रकची क्षमता वाढत नाही. पाटे, हौसिंग आणि ब्रेक तेच असतात. आरसी बुकातील वजनाची मर्यादा कायम राहते.

३) नायलॉन की रेडियल?

नायलॉन टायरमध्ये दोरांचे थर एकमेकांवर तिरके असतात. त्याची बाजू जाड व कणखर असते, खाणीत दगडाचा मार ती बरा सोसते. पण थर एकमेकांवर घासून तो लवकर तापतो. रेडियलमध्ये दोर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. तो कमी तापतो, रस्त्यावर सपाट बसतो, डिझेल कमी खातो. त्याची बाजू मात्र नाजूक असते आणि हवा बरोबर असतानाही थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे डोळ्यांनी हवेचा अंदाज घेण्याची सवय इथे फसवते.

काम मुख्यतः हायवे व घाटाचे असेल तर रेडियल बरा. निम्म्याहून अधिक काम खाणीत, धारदार खडीवर असेल तर नायलॉनचा विचार करावा. पण एकाच धुरीवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही बसवू नये. दोघांची लवचीकता वेगळी, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढते.

४) जमीन पाहून नक्षी

ट्रकच्या टायरची नक्षी मुख्यतः तीन प्रकारची असते. रिब म्हणजे उभ्या खाचांची. ती स्टेअरिंगला सरळ, कमी तापणारी आणि ओल्या डांबरावर भरवशाची. लग म्हणजे आडव्या, खोल खाचांची. ती मातीत ओढ चांगली देते, पण जाड रबरामुळे लांबच्या वेगाच्या प्रवासात तापते. तिसरी सेमी-लग, म्हणजे मध्ये रिब आणि कडेला लग. ट्रकच्या बाबतीत सर्व प्रकारच्या रस्त्यांचा टायर म्हणतात तो साधारण हाच. ती तडजोड आहे. डांबरावर रिबइतकी चांगली नाही आणि चिखलात लगइतकी नाही, पण दोन्हीकडे निभावून नेते.

आपल्याकडची जमीनही एकसारखी नाही. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसात टायरच्या खाचांत गच्च भरते. खाचा अरुंद असतील तर नक्षी असून नसल्यासारखी होते. म्हणून तिथे रुंद, तळाकडे निमुळत्या होणाऱ्या खाचा हव्यात, म्हणजे फिरताना माती आपोआप झडते. कोकणात जांभ्याचे खडे खाचांत अडकून आत रुतत जातात. तिथे रोज लोखंडी आकडीने खडे काढणे हाच उपाय. काळ्या दगडाच्या खाणीत टायर कापला जातो, म्हणून तिथे कापाला दाद न देणारे रबर महत्त्वाचे.

सर्वसाधारण क्रेनसाठी आमची शिफारस अशी : पुढे रिब, मागे चारही सेमी-लग. पूर्ण लग फक्त खाण, नदीची वाळू किंवा शेतात रोज जाणाऱ्यांनी घ्यावा. कारण साधे आहे. क्रेन चिखलात नेण्यापेक्षा दोर चिखलात न्यावा. ट्रक कडक जमिनीवर उभा करून, चाकांना ठोकळे लावून, विंचने गाडी बाहेर काढावी. जे काम पोलादी दोराचे आहे, ते टायरच्या नक्षीकडून करून घेऊ नये.

पुढच्या टायरबद्दल एक गैरसमज आहे. “उचलल्यावर पुढे वजनच नसते, मग जुने टायर चालतील,” असे काहीजण म्हणतात. खरे तर उलट आहे. वजन कमी म्हणजे पकड कमी, म्हणून उरलेल्या पकडीसाठी पुढचे टायर उत्तमच हवेत. कायद्याने ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलीमीटर खोल असावी लागते. टोचनच्या गाडीने पावसाळ्यात पुढच्या टायरसाठी त्या मर्यादेची वाट पाहू नये, तीन-चार मिलीमीटर उरले की बदलावेत. रिट्रेड केलेला टायर सांगाडा चांगला असेल तर मागे चालेल, पुढे बसवू नये.

५) टायरचे वय

माल वाहणारा ट्रक टायर झिजवतो. क्रेनचा ट्रक मात्र बऱ्याचदा नाक्यावर उन्हात उभा असतो. त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी भरपूर दिसते, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि रबर कडक झालेले असते.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. स्वस्तात मिळणारा “न वापरलेला” टायर तीन-चार वर्षे गोदामात पडलेला असेल, तर क्रेनवाल्यासाठी ती बचत नव्हे. पावतीवर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो. दुकानदार बांधवांनीही तारीख स्वतःहून दाखवावी. एकदा विश्वास बसला की गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधत नाही.

६) जोडी आणि हवा

जोडचाकातील दोन टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. उंचीत फरक असेल तर मोठा टायर जास्त भार उचलतो आणि लहान रस्त्यावर घसटत जातो. व्यासातील फरक सहा मिलीमीटरच्या आत ठेवावा आणि लहान टायर आतल्या बाजूस घालावा.

हवा टायर थंड असताना, गेजने पाहावी. हातोडी मारून आवाजावरून अंदाज घेणे पुरेसे नाही. आतल्या टायरकडे दुर्लक्ष होते, म्हणून त्याच्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्यावी. टायरवर लिहिलेली क्षमता पूर्ण हवेची असते, हवा कमी म्हणजे क्षमताही कमी. चालून गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती सोडू नये. वाळूत हवा कमी केली असेल तर आकड्यावर वजन घेण्याआधी पुन्हा भरावी.

टायर भरणाऱ्या कारागिरांसाठी महत्त्वाची गोष्ट : हवा नसताना बराच अंतर चाललेला टायर तसाच पुन्हा भरू नये. उतरवून आतून तपासावा. रिंगच्या डिस्कमध्ये हवा भरताना लोखंडी पिंजरा वापरावा आणि समोर उभे राहू नये.

७) किमतीचा हिशोब

समजा, एक टायर २०,००० रुपयांचा असून ५०,००० किलोमीटर चालतो. किलोमीटरला ४० पैसे पडले. दुसरा २५,००० रुपयांचा असून ८०,००० चालतो. त्याला ३१ पैसे पडले. महाग तो स्वस्त ठरला. पण आपली क्रेन वर्षाला आठ हजार किलोमीटरच चालत असेल तर तो ८०,००० पूर्ण होण्याआधीच म्हातारा होईल. म्हणून प्रत्येक टायरची वही ठेवावी : बसवल्याची तारीख, किलोमीटर, पंक्चर, काढल्याचे कारण. दोन वर्षांत ती वही कोणत्याही सल्लागारापेक्षा चांगला सल्ला देऊ लागेल.

करून पाहा

लहान क्रेन. चाकांमधील अंतर ३.६ मीटर, आकडा १.८ मीटर मागे. रिकामे वजन पुढे ३,०००, मागे ३,५०० किलो. मागे चार टायर, जोडचाकाचा क्रमांक १२१, म्हणजे प्रत्येकी १,४५० किलो. आकड्यावर २,००० किलो घेता येतील का?

उत्तर : मागे ३,००० किलो वाढून ६,५०० होतील. चार टायरची क्षमता ५,८०० किलो. म्हणजे घेता येणार नाहीत. अगदी काठोकाठ धरले तरी १,५०० किलोच्या आसपास मर्यादा येते, राखीव सोडली तर त्याहून कमी. अशा वेळी गिऱ्हाइकाला स्पष्ट नाही म्हणावे आणि मोठी क्रेन बोलवावी. एक भाडे जाईल, पण धंदा आणि माणसे दोन्ही राहतील.