उपनगरांतील मतदार आणि राज्याचे नेतृत्व : बंगळूरचे उदाहरण

‘गव्हर्नर’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजभवन उभे राहते. आपल्या राज्यघटनेच्या 155व्या अनुच्छेदानुसार राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. त्यासाठी कोणाला मते मागत फिरावे लागत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गव्हर्नर मात्र संपूर्ण राज्यातील मतदारांनी प्रत्यक्ष निवडून दिलेला असतो. राज्यकारभाराची सूत्रे त्याच्याच हाती असतात. म्हणून त्याची तुलना करावयाची तर ती आपल्याकडील मुख्यमंत्र्याशी करावी लागते.

गव्हर्नरच्या निवडणुकीत उपनगरांतील मतदारांना फार महत्त्व दिले जाते. इलिनॉय राज्यात शिकागो शहराला वेढणारे जिल्हे, किंवा व्हर्जिनिया राज्यात वॉशिंग्टनलगतच्या वसाहती, ही त्याची परिचित उदाहरणे होत. तेथे हिशेब सरळ असतो. संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असल्यामुळे उपनगरातील एक मत आणि खेड्यातील एक मत यांचे मोल सारखेच असते. उपनगरांत माणसे वाढली की त्यांचे वजन आपोआप वाढते.

भारतात ही गोष्ट इतकी सोपी नाही. येथे मतदार मुख्यमंत्र्याला मत देत नाही. तो आपल्या मतदारसंघाचा आमदार निवडतो आणि बहुसंख्य आमदारांचा विश्वास ज्याला लाभेल तो मुख्यमंत्री होतो. त्यामुळे उपनगरातील मतदाराचे महत्त्व केवळ लोकसंख्येवर ठरत नाही. मतदारसंघाची सीमा कोठून आखली आहे, मतदाराचे नाव यादीत आहे काय, आणि उर्वरित राज्यातील लढत किती अटीतटीची आहे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. बंगळूर शहराच्या अलीकडील इतिहासातून या तिन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

शहराचा विस्तार

केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेली पेठ पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत होती, हे मराठी वाचकांना ठाऊकच आहे. 1809 मध्ये इंग्रजांनी या पेठेच्या ईशान्येस लष्करी छावणी वसविली. पेठ आणि छावणी या दोन वस्त्या दीर्घकाळ स्वतंत्रपणे नांदल्या आणि 1949 मध्ये एका महापालिकेखाली आल्या. त्यानंतर शहर चारी दिशांना पसरले. कृष्णराजपुरमजवळ 1948 मध्ये दूरध्वनी यंत्रांचा सरकारी कारखाना निघाला होता. पुढे पीण्या येथे औद्योगिक वसाहत झाली, दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक्स सिटी उभी राहिली आणि 1990 नंतर पूर्वेकडील व्हाइटफील्डचा परिसर संगणक व्यवसायाने व्यापला. नाचणीची शेते आणि भाजीपाल्याचे मळे यांच्या जागी ज्या वसाहती उठल्या, त्यांना तेथील लोक ‘लेआउट’ म्हणतात.

2007 मध्ये कर्नाटक शासनाने सात नगरपरिषदा, केंगेरीची छोटी नगरपालिका आणि 110 खेडी जुन्या महापालिकेत विलीन करून बृहत् बंगळूर महानगरपालिका स्थापन केली. येलहंका, दासरहळ्ळी, ब्यातरायनपुरा, कृष्णराजपुरम, महादेवपुरा, बोम्मनहळ्ळी आणि राजराजेश्वरीनगर या त्या सात नगरपरिषदा होत. शहराच्या मध्यभागाला वेढणाऱ्या कड्याचे स्वरूप या नावांवरूनच ध्यानात येते.

या कड्यातील मतदार एकाच प्रकारचा नाही. मूळच्या खेड्यांतील वक्कलिग, रेड्डी आणि दलित कुटुंबे अद्याप तेथे राहतात. त्यांच्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतींतून संगणक अभियंते राहतात आणि त्यांच्यालगतच्या खोल्यांतून तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रिया व बांधकाम मजूर भाड्याने राहतात. पहिल्याची निष्ठा गावाशी आणि जातीशी, दुसऱ्याची तक्रार रस्त्याविषयी, तर तिसऱ्याची चिंता भाडे आणि शिधापत्रिका यांविषयी असते. त्यामुळे ‘उपनगरांचे मत’ असे एकसंध मत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

मतदारसंघांची आखणी

2008 पूर्वी कर्नाटक विधानसभेच्या 224 जागांपैकी बंगळूर शहर जिल्ह्याच्या वाट्याला 16 जागा होत्या. त्यांतील बारा जुन्या शहरात होत्या आणि सभोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशासाठी येलहंका, उत्तरहळ्ळी, वर्तूर आणि अनेकल हे चारच मतदारसंघ होते. 1976 मधील 42व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची रचना 1971 च्या जनगणनेवर स्थिर केली होती. माणसे येत राहिली, घरे वाढत गेली. मतदारसंघांच्या सीमा मात्र जागच्या जागीच राहिल्या. उत्तरहळ्ळी हा तर देशातील सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक म्हणून ओळखला जाऊ लागला.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने 2001 च्या जनगणनेच्या आधारे नवी आखणी केली आणि ती 2008 मध्ये अमलात आली. बंगळूर शहर जिल्ह्याच्या जागा 16 वरून 28 झाल्या. बाहेरील कड्यात पूर्वीच्या चारांऐवजी दहा मतदारसंघ आले : येलहंका, कृष्णराजपुरम, ब्यातरायनपुरा, यशवंतपूर, राजराजेश्वरीनगर, दासरहळ्ळी, महादेवपुरा, बोम्मनहळ्ळी, बंगळूर दक्षिण आणि अनेकल.

महाराष्ट्रातील वाचकांना हा बदल अपरिचित नाही. याच परिसीमनात मुंबई शहर जिल्ह्याच्या जागा 17 वरून 10 वर आल्या, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या 17 वरून 26 झाल्या आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या 13 वरून 24 वर गेल्या. राजकीय वजन शहराच्या गाभ्याकडून कडेला सरकले ते असे.

तथापि नवी आखणीही लवकरच जुनी झाली. 2001 मध्ये राज्याच्या सुमारे 5 कोटी 28 लाख लोकसंख्येपैकी सुमारे 65 लाख लोक बंगळूर शहर जिल्ह्यात होते. हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या जवळ जाते, आणि 224 पैकी 28 जागा म्हणजे नेमके साडेबारा टक्के. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे 6 कोटी 11 लाख आणि जिल्ह्याची सुमारे 96 लाख भरली. त्या प्रमाणात जागा द्यावयाच्या तर त्या 35 च्या घरात गेल्या असत्या. परंतु 84व्या घटनादुरुस्तीने 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या गोठविली होती. परिणामी 2023 च्या निवडणुकीत बंगळूर दक्षिण मतदारसंघात सहा लाखांहून अधिक मतदार होते, तर मलनाडमधील शृंगेरी मतदारसंघात दोन लाखांहूनही कमी. दोन्ही ठिकाणांहून आमदार मात्र एकेकच निवडून गेला. म्हणजे उपनगरातील तीन मतदारांचे वजन डोंगराळ भागातील एका मतदाराएवढे झाले. अमेरिकेतील गव्हर्नरच्या निवडणुकीत असा प्रसंग उद्भवत नाही.

तीन निवडणुकांचा दाखला

नव्या आखणीनुसार देशात पहिली निवडणूक झाली ती कर्नाटकातच, मे 2008 मध्ये. भारतीय जनता पक्षाला 110, काँग्रेसला 80, जनता दल (धर्मनिरपेक्ष) या पक्षाला 28 आणि अपक्षांना 6 जागा मिळाल्या. बहुमतासाठी 113 हवे होते. अपक्षांच्या साह्याने बी. एस. येडियुरप्पा मुख्यमंत्री झाले. दक्षिण भारतात भारतीय जनता पक्षाचे हे पहिलेच स्वबळावरील सरकार होते. बंगळूरच्या बाहेरील कड्यातील दहा जागांपैकी ब्यातरायनपुरा वगळता नऊ जागा त्या पक्षाने जिंकल्या होत्या. त्या नऊ जागा विरोधी दोन पक्षांकडे गेल्या असत्या, तर त्यांची बेरीज 117 झाली असती. या निवडणुकीत उपनगरांनी सत्तेचे पारडे फिरविले, असे म्हणण्यास आधार आहे.

दुसरा प्रसंग 2019 चा. 23 जुलै रोजी एच. डी. कुमारस्वामी यांच्या आघाडी सरकारचा विश्वासदर्शक ठराव 99 विरुद्ध 105 मतांनी फेटाळला गेला. त्या काळात आघाडीपासून दूर झालेल्या आणि पुढे अपात्र ठरलेल्या 17 आमदारांपैकी पाच बंगळूरचे होते. कृष्णराजपुरम, यशवंतपूर आणि राजराजेश्वरीनगर हे त्यांपैकी तीन मतदारसंघ बाहेरील कड्यातले. डिसेंबरमध्ये 15 जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या. येडियुरप्पा यांच्या सरकारला टिकण्यासाठी किमान सहा जागा आवश्यक होत्या. त्यांच्या पक्षाला 12 मिळाल्या. त्यांत कृष्णराजपुरम आणि यशवंतपूर या जागा होत्या. मात्र शहराच्या सीमेवरील होसकोटे येथील मतदारांनी पक्षांतर केलेल्या उमेदवाराला नाकारून अपक्षाला निवडले. शेजारी राहणारे मतदारही एकाच वाऱ्याने हलत नाहीत, हे यावरून दिसते.

तिसरा दाखला याच्या उलट आहे. मे 2023 मध्ये बाहेरील दहा जागांपैकी आठ भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. संपूर्ण बंगळूर शहर जिल्ह्यातही त्या पक्षाला 28 पैकी 16 जागा मिळाल्या. तरीही राज्यात काँग्रेसला 135 जागा मिळून सिद्धरामय्या मुख्यमंत्री झाले. उर्वरित राज्याचा कौल इतका स्पष्ट होता की उपनगरांच्या कौलाने निकालात फरक पडला नाही. उपनगरांचे मत निर्णायक ठरते ते राज्यातील इतर प्रदेश जवळजवळ समसमान विभागले गेले असतील तेव्हाच, हा निष्कर्ष या तीन निवडणुकांवरून निघतो.

यादी आणि मतदान केंद्र

सीमांच्या आखणीमुळे जे वजन घटते, ते मतदानाच्या दिवशी आणखी घटते. 2023 मध्ये राज्यात सुमारे 73 टक्के मतदान झाले. बंगळूरमध्ये ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिले. या अनास्थेचा दोष बहुधा सुशिक्षितांच्या आळसावर ठेवला जातो. त्यात तथ्य असले, तरी ते पूर्ण सत्य नव्हे. कायद्यानुसार मतदाराचे नाव तो सामान्यतः जेथे राहतो तेथील यादीत असावे लागते आणि एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये. भाडेकरूचे घर दर दोन-तीन वर्षांनी बदलते. नाव जुन्या पत्त्यावर राहते. रायचूर किंवा कलबुर्गीहून आलेला मजूर गावातील नाव सहसा काढून घेत नाही, कारण जमीन आणि नातेवाईक तेथेच असतात. उलट सोडून गेलेल्यांची नावे शहरातील यादीत तशीच राहिल्यामुळे मतदानाचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसते.

प्रतिनिधित्वाची किंमत

हा सारा हिशेब केवळ निवडणुकीच्या अभ्यासकांपुरता नाही. बंगळूरजवळ मोठी नदी नाही. सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी उपसून शहरात आणावे लागते. 2007 मध्ये शहरात सामील झालेल्या 110 खेड्यांसाठी आखलेल्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. दररोज 77 कोटी 50 लाख लिटर पाणी आणण्याची ही योजना पूर्ण होईपर्यंत सतरा वर्षे उलटली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि महादेवपुरा, कृष्णराजपुरम यांसारख्या भागांतील कुटुंबांना टँकरचे पाणी चढ्या भावाने घ्यावे लागले.

या काळात त्यांचे गाऱ्हाणे ऐकणारा नगरसेवकही उरला नव्हता. महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि नवी निवडणूक न होताच सप्टेंबर 2025 मध्ये तिच्या जागी पाच महापालिका निर्माण करण्यात आल्या. मधल्या पाच वर्षांत रस्ता, गटार, पाणी या प्रत्येक गोष्टीसाठी आमदार हाच एकमेव निर्वाचित प्रतिनिधी होता. आणि उपनगरांत तोच एक आमदार पाच-सहा लाख मतदारांत वाटला गेलेला होता.

उपनगरांतील मतदारांचे महत्त्व मोजताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. ते मुख्यमंत्री घडवू शकतात काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक निवडणुकीत बदलत राहील. त्यांच्या संख्येच्या प्रमाणात त्यांना प्रतिनिधी मिळतात काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र निवडणुकीपूर्वीच, जनगणनेत, परिसीमनात आणि मतदारयादीत, ठरून गेलेले असते. पहिल्या प्रश्नाची चर्चा राजकीय पक्ष करीतच असतात. दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष पुरविण्याचे काम नागरिकांचे आहे, आणि त्याचा आरंभ आपले नाव आपल्या राहत्या पत्त्यावरील यादीत आहे की नाही हे पाहण्यापासून होतो.